आत्याचा बिनसाखरेचा चहा

शनिवारी दुपारी ताजा मीडिया घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवलेला फ्लास्क सोमवारी सकाळी बाहेर काढला, की त्याचा रंग बदललेला असतो. मीडियात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य असतं. ताज्या मीडियात ते गुलाबीकडे झुकणारं लाल दिसतं, आम्ल वाढत गेलं की केशरी होतं आणि शेवटी पिवळंधमक. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवणं हे माझं रोजचं काम आहे. फ्लास्क पिवळा झाला म्हणजे पेशींनी साखर घेतली, तिचं लॅक्टिक आम्ल केलं आणि ते बाहेर टाकलं, हे सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावताही कळतं.

आम्ही जो मीडिया वापरतो त्यात लिटरमागे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी असतं त्याच्या चौपटीहून जास्त. तरीही पेशी दाट झाल्या की दोन-तीन दिवसांत त्यातला मोठा वाटा संपतो. आमच्याकडे मुख्यतः हेला आणि सीहा या दोन जातींच्या पेशी असतात. हेला पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारल्या. पेशी आजही जगभर वाढताहेत. फ्लास्कवर आम्ही फक्त ‘हेला’ आणि तारीख लिहितो, पण नवीन मुलगी कामाला आली की तिला पहिल्या दिवशी मी हे सांगते. हेलामध्ये ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, १८ क्रमांकाचा प्रकार आहे, सीहामध्ये १६ क्रमांकाचा. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. हे दोन्ही प्रकार गाठींमधून शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

बरीच वर्षं हे सगळं माझ्यासाठी काम होतं. मग आत्याचा फोन आला.

आत्या बार्शीकडच्या एका खेड्यात राहते. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि अंगावरून पुन्हा लाल जायला लागलेलं. आधी पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. उन्हाळ्याचं आहे म्हणून ती सब्जा भिजवून प्यायली, शेतात जात राहिली. मला फोन केला तो माझं काम काय आहे हे आठवून नव्हे, मी पुण्यात असते आणि दवाखाने मला माहीत असतील म्हणून. तपासणी झाली, तुकडा काढला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, स्टेज टू-बी. म्हणजे गाठ गर्भाशयमुखाबाहेर शेजारच्या भागात पसरलेली, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत न पोचलेली. ऑपरेशनची वेळ गेली होती. लाईट आणि त्याबरोबर आठवड्याला एक केमो, मग आतून द्यायची लाईट, असं ठरलं. रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात.

त्याआधी पेट स्कॅन झाला. मी सोबत गेले होते. रात्रीपासून उपाशी, बोटातून रक्त घेऊन साखर बघितली, मग दंडाच्या शिरेतून इंजेक्शन आणि तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं. त्या इंजेक्शनात ग्लुकोजच असतं, फक्त त्याच्या एका ठिकाणी किरणोत्सर्गी फ्लोरीन-१८ बसवलेलं. खऱ्या साखरेच्या दारानंच ते पेशीत शिरतं, साखरेवर होते ती पहिली प्रक्रिया त्याच्यावरही होते, आणि पुढची पायरी मात्र त्याला जमत नाही. ते आतच अडकतं. ज्या पेशी जास्त साखर ओढतात त्यांत ते जास्त साठतं आणि चित्रात तेवढा भाग गडद उठतो. स्कॅनच्या आधी आत्याला लघवी करून यायला सांगितलं, कारण ही साखर लघवीतूनही जाते आणि भरलेलं मूत्राशय गर्भाशयमुखाला अगदी खेटून असल्यानं चित्र झाकोळतं.

रिपोर्ट घेऊन आतेभाऊ गावी गेला. फिल्मवर ओटीपोटात काळा गोळा होता. त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ साखर खाते म्हणून अशी दिसते. एवढं वाक्य घरी पोचलं, आणि त्याला फोनवर आलेल्या एका व्हिडिओची जोड मिळाली. त्यात कोणी गृहस्थ ठासून सांगत होते की साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो.

मी पंधरवड्यानं गेले तेव्हा आत्या ओट्याशी बसून बिनसाखरेचा कोरा चहा पीत होती. गुळाचा चहा ही तिची सकाळ असते, लहानपणापासून मी बघत आलेय. साखर आणि गूळ तर गेलेच होते. केळं बंद, भात बंद. भाकरीचीसुद्धा पोटात जाऊन साखरच होते असं कोणीतरी सांगितल्यानं ज्वारीची भाकरीही चतकोरावर आली होती. उकडलेली पालेभाजी आणि सकाळी कारल्याचा रस, यावर बाई लाईटला जात होती. ओटीपोटावरच्या लाईटनं आतडं हुळहुळं होतं, जुलाब लागतात. त्यात केमोची मळमळ, त्यात हा पाला. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की रक्त चढवावं लागलं. लाईटचा परिणाम होण्यासाठी गाठीपर्यंत ऑक्सिजन पोचावा लागतो आणि तो रक्तच नेतं. म्हणून या उपचारात हिमोग्लोबिन सांभाळण्याला इतकं महत्त्व असतं.

घरच्यांवर मला रागावता येईना. आतेभावानं आईसाठी ऊस तोडायच्या हंगामात मुकादमाकडून उचल घेतली होती, वहिनी पहाटे उठून कारली किसत होत्या. त्यांच्या हातात करण्याजोगी एकच गोष्ट कोणीतरी दिली होती आणि ती ते जिवापाड करत होते. शिवाय ज्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसला होता तिचा अर्धा भाग खरा होता, आणि तो अर्धा भाग मी रोज फ्लास्कमध्ये बघते.

मी फिल्म मागितली. खिडकीशी धरली आणि आतेभावाला म्हटलं, “दादा, हे ओटीपोटातलं काळं तू पाहिलंस. वर बघ. डोकं केवढं काळं आहे.”

त्यानं बघितलं. “तिकडं पण गेलाय का काय?” त्याचा आवाजच फुटेना.

“नाही रे. तो मेंदू आहे. माझा स्कॅन काढला तरी असाच येईल. मेंदू सगळ्यात जास्त साखर घेतो. जी साखर तू आत्याची बंद करायला निघालास, ती गाठीआधी तिचं डोकं, तिचे स्नायू, तिचं रक्त तयार करणाऱ्या पेशी मागतात.”

मग मी त्यांना सांगितलं की ताटातली साखर बंद केली तरी रक्तातली संपत नाही. यकृत ती संपू देत नाही. आधी साठा मोडतं, साठा संपला की मांसातली प्रथिनं मोडून साखर बनवतं. म्हणजे आत्याचे दंड वितळत होते ते रक्तातली साखर टिकवायलाच, आणि गाठीला तिचा वाटा मिळतच होता. आत्याला मधुमेह असता तर साखरेवर नजर ठेवावीच लागली असती, ते वेगळं. पण तिला तो नव्हता.

माझ्या कामातली एक गोष्ट मी तेव्हा सांगितली, ती इथेही सांगते. ग्लुकोज काढून टाकलेल्या मीडियात, त्याच्या जागी गॅलॅक्टोज घालून हेला पेशी वाढवता येतात. वाढ मंदावते, मीडिया पिवळा पडत नाही, लॅक्टिक आम्ल फारसं होत नाही. पण पेशी जगतात आणि वाढतातही. त्या ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लावर भागवतात. हे नवीन नाही. १९७९ मध्येच हेला पेशींवर काम करणाऱ्यांनी दाखवलं होतं की फ्लास्कमधल्या या पेशींच्या ऊर्जेचा मोठा भाग साखरेतून येतच नाही, तो ग्लुटामिनमधून येतो. आणि शरीरात ग्लुटामिनचा सगळ्यात मोठा साठा कुठे असतो, तर स्नायूंत.

“म्हंजी आमी तिलाच उपाशी मारत होतो,” वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तिच्यासाठी जे केलंत ते कोण करतं, आता फक्त ताट बदलायचं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलणं करून दिलं. मऊ भात, दही-ताक, अंडी, मुगाचं वरण, केळं. पालेभाजी आणि चोथा जुलाब थांबेपर्यंत कमी. गुळाच्या चहाला त्या नाही म्हणाल्या नाहीत. आत्यानं त्याच संध्याकाळी केला.

रात्री जेवणं झाल्यावर आत्या मला जवळ बसवून म्हणाली, “पण पोरी, त्या गाठीला एवढी साखर लागती तरी कशाला?”

खरा प्रश्न हाच होता आणि तो तिनं विचारला.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी गाठींचे पातळ काप काढून मोजमाप केलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं ते याच गोष्टीचं. ऑक्सिजन मुबलक असताना साखर पुरती जाळली तर एका ग्लुकोजमागे ऊर्जेचे म्हणजे एटीपीचे तीसेक रेणू मिळतात. कॅन्सरच्या पेशी मात्र ऑक्सिजन असूनही बरीचशी साखर अर्धीच फोडतात, तिचं लॅक्टिक आम्ल करतात आणि दोन रेणूंवर समाधान मानतात. वारबुर्ग यांना वाटलं की या पेशींचं श्वसनयंत्रच बिघडलंय. बहुतेक गाठींत ते बिघडलेलं नसतं, हे नंतर कळलं. वाढणाऱ्या पेशीला नुसतं इंधन पुरत नाही. एकीच्या दोन व्हायचं तर नवा डीएनए, नवं आवरण, नवी प्रथिनं लागतात, आणि त्यांचा कच्चा माल साखरेच्या अर्धवट फोडलेल्या तुकड्यांतून मिळतो. घर बांधायला काढलेल्या माणसानं सगळं लाकूड चुलीत घालून चालत नाही, असं मी आत्याला सांगितलं. तिला ते पटलं.

ही ओढ गर्भाशयमुखाच्या पेशींत कोण लावतं, तर विषाणू. आणि त्यामागचं कारण विषाणूच्या स्वतःच्या गरजेत आहे. गर्भाशयमुखावरच्या त्वचेचे थर असतात. तळाच्या थरातल्या पेशी विभागतात, वर सरकतात, विभागणं थांबवतात आणि ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवू लागतात. पुढे त्याच साठ्यावर योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लामुळे इतर जंतू दूर राहतात. किती शहाणी व्यवस्था आहे ही! विषाणू बारीकशा ओरखड्यातून तळाच्या थरात शिरतो. त्याच्याजवळ स्वतःची प्रत काढायची पुरेशी यंत्रणा नाही, ती पेशीची वापरावी लागते, आणि ती तर पेशी विभागत असतानाच चालू असते. म्हणून थांबलेल्या पेशीला तो पुन्हा विभागायच्या कामाला जुंपतो. त्याचं ई-७ हे प्रथिन आरबी नावाचा पेशीचा लगाम सोडवतं. अशी अवेळी जागी झालेली पेशी एरवी पी-५३ या राखणदारानं मारून टाकली असती. ई-६ त्या पी-५३ चाच नाश घडवून आणतं.

पी-५३ गेल्यावर नुसती राखण जात नाही. साखर फोडण्याचा वेग आवरणं, साखरेची दारं मर्यादित ठेवणं, श्वसनाचं काम नीट चालू ठेवणं, हेही त्याच्याकडे असतं. ते सुटतं. शिवाय या दोन्ही प्रथिनांमुळे हिफ-१ हा घटक बळावतो. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की जागा व्हायचा, तो इथे ऑक्सिजन असतानाही जागा राहतो आणि साखर आत घेणारी दारं, ती फोडणारी एन्झाइम्स वाढवत बसतो. १९९९ मध्ये असंही दिसलं की ई-७ साखरेच्या वाटेवरच्या शेवटच्या टप्प्याजवळच्या पायरुव्हेट कायनेज एम-२ या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि त्याची जोडणी ढिली करतं. त्यानं तो टप्पा मंदावतो आणि मागे बांधकामाचा माल साचतो. एवढासा विषाणू, जेमतेम आठ हजार अक्षरांचा त्याचा डीएनए, आणि पेशीचा सगळा जमाखर्च तो फिरवतो.

बहुतेक बायकांच्या अंगातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपसूक जातो. जिथे तो ठाण मांडतो तिथे वर्षं जातात, त्याचा डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत घुसतो, ई-६ आणि ई-७ वरचं त्याचं स्वतःचंच नियंत्रण बहुधा त्या मोडतोडीत हरवतं. आत्याच्या अंगात हे कधी घडलं असेल? दहा-पंधरा वर्षांपूर्वी, कदाचित त्याहून आधी. ती तेव्हा काय खात होती याच्याशी त्याचा संबंध नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण आपल्या हातून काहीतरी चुकलं असं बायका या आजारात मनात धरून बसतात. आत्याही बसली होती.

गाठीची साखर निरुपयोगी माहिती आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सेंट लुईसच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवलं की गर्भाशयमुखाची गाठ पेट स्कॅनमध्ये जितकी जास्त साखर ओढते तितका पुढचा धोका जास्त. जर्मनीतल्या अभ्यासांत गाठीतलं लॅक्टिक आम्ल मोजलं तेव्हा ते जास्त असलेल्या बायकांमध्ये आजार पसरण्याचं आणि उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. साठणारं आम्ल लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनाही नामोहरम करतं. डॉक्टरांनी ही ओढ वाचायची, प्रयोगशाळेत आम्ही ती तोडायचे मार्ग शोधायचे. रोग्याच्या ताटाशी तिचा हिशेब जुळवायला गेलं की रोगीच खंगतो.

आत्याची लाईट संपता संपता तपासून घ्या म्हणून मी वहिनींच्या मागे लागले. त्या ‘मला काय झालंय’ म्हणत होत्या. त्यांच्याच भागात याची तपासणी किती जुनी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी मिळून १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांवर अभ्यास केला. काही गावांत विषाणूची चाचणी, काहींत पॅप चाचणी, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काही गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत ३४ बायका या कॅन्सरनं गेल्या. नेहमीची सेवा मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. आज जगभर एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरला जातो त्यामागे या खेड्यांतल्या बायका आहेत. आपल्याकडे याचा अभिमान पुरेसा कोणी सांगत नाही.

वहिनींच्या तपासणीला मी आत थांबले. सिस्टरनी आधी व्हिनेगर लावलं, मग आयोडीन. हे आयोडीन लावणं व्हिएन्नाच्या वाल्टर शिलर यांनी सुरू केलं आणि ते पूर्ण साखरेच्या हिशेबावर चालतं. निरोगी त्वचेत ग्लायकोजेनचा साठा असतो, आयोडीन त्याला धरतं आणि ती गडद तपकिरी होते. जिथे पेशी बिघडून विभागायला लागल्यात तिथे साठाच उरत नाही, म्हणून तो भाग मोहरीसारखा पिवळट राहतो. आम्ही लाखो रुपयांच्या यंत्रांनी जे मोजतो तेच एका कापसाच्या बोळ्यानं दिसत होतं. वहिनींचं सगळं तपकिरी झालं.

विषाणूची चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली. त्या रात्री त्यांचा फोन आला आणि बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. विषाणू आहे म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, पेशी अजून बिघडलेल्या दिसत नाहीत, बहुतेकींचा तो निघून जातो, आणि नाही गेला तर वर्षानं परत बघून वेळेत उपाय होतो, हे मी सांगत राहिले. पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, अजूनही लागतं. त्यांच्या मुलीला लस द्यायचं आता दादानंच मनावर घेतलंय. पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, तिच्यात १६ आणि १८ दोन्ही प्रकार आहेत, आणि लहान वयाच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात.

आत्या आता तपासणीला येते तेव्हा माझ्याकडे उतरते. वजन बरंचसं परत आलंय. शेवटच्या स्कॅनमध्ये ओटीपोटात काही उठलं नाही. डॉक्टर म्हणतात, अजून काही वर्षं लक्ष ठेवायचं. मागच्या खेपेला तिनं विचारलं, “त्या बाटलीत तुमी साखर मोजत बसता, त्यापरीस त्या विषाणूलाच का नाय बंद करत?”

मी तिला येल विद्यापीठातला प्रयोग सांगितला. २००० मध्ये तिथल्या दोघांनी हेला पेशींमध्ये ई-६ आणि ई-७ बंद पाडले. पन्नास वर्षं फ्लास्कमध्ये वाढत आलेल्या त्या पेशींमध्ये पी-५३ आणि आरबीची जनुकं शाबूत होती, नुसती दाबून ठेवलेली. विषाणूची दोन प्रथिनं गेल्याबरोबर ती दोन्ही जागी झाली, आणि पेशी विभागायच्या थांबून म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे इतक्या वर्षांनीही सगळा डोलारा विषाणूच्या जोरावरच उभा होता. फ्लास्कमध्ये हे करता येतं. बाईच्या अंगातल्या गाठीत, प्रत्येक पेशीपर्यंत असं औषध पोचवणं अजून साधलेलं नाही, आणि त्यावर बरीच माणसं काम करताहेत. आमच्याकडेही सध्या सीहा पेशींमध्ये ई-६ दाबून आधी आणि नंतरचं लॅक्टिक आम्ल मोजायचं चाललंय.

“मंग निकाल लागला की सांग,” ती म्हणाली, आणि गुळाचा डबा कुठे ठेवलाय ते विचारून चहा टाकायला उठली.